लॉजच्या वाय-फायला प्रत्येक पाहुण्याचं वेगळं लॉगिन कशाला? गेटवेवरची खाती कशी चालतात, समजून घ्या

शारदीय नवरात्र आणि त्यानंतरची अश्विन पौर्णिमा हा तुळजापुरातला सगळ्यात गर्दीचा काळ. महाराष्ट्रासोबत कर्नाटक, तेलंगणातूनही भाविक तुळजाभवानीच्या दर्शनाला येतात. कुणी सोलापूरहून चालत येतं, कुणी एसटीनं, कुणी स्वतःच्या गाडीनं. मुक्कामाला लॉजवर गेल्यावर खोलीची किल्ली घेतली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "वाय-फायचा पासवर्ड काय?"

बऱ्याच ठिकाणी काउंटरमागच्या कागदावर एकच पासवर्ड लिहिलेला असतो. तो सगळ्या खोल्यांना चालतो, गेल्या वर्षी येऊन गेलेल्यांनाही चालतो. मालकाला हे सोयीचं वाटतं, पण काही गडबड झाली तर उत्तर द्यायची वेळ त्याच्यावरच येते.

२००८ मध्ये नवी मुंबईत काय झालं होतं?

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. तपास करताना पोलीस नवी मुंबईतल्या सानपाड्यातल्या एका फ्लॅटपर्यंत पोचले. तिथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाचा स्फोटांशी संबंध नव्हता. त्याच्या घरचं वाय-फाय सुरक्षित नव्हतं आणि ते भलत्यानंच वापरलं होतं. तरीही चौकशीला त्याला सामोरं जावं लागलं. त्यानंतरच्या काही आठवड्यांत मुंबईतल्या आणखी ठिकाणचं वाय-फाय असंच वापरलं गेलं.

या प्रकरणांनंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागानं इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या. सार्वजनिक ठिकाणी वाय-फाय देताना वापरणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे, असं त्यात सांगितलं होतं. त्यासाठी फोटो ओळखपत्राची प्रत घ्यायची, किंवा मोबाइलवर एसएमएसनं लॉगिन पाठवायचं. ही नोंद एक वर्ष ठेवायची. आज हॉटेलात, विमानतळावर ओटीपी मागितला जातो, त्याचं मूळ इथे आहे.

गेटवे म्हणजे नेमकं काय?

लॉजमध्ये येणारी फायबरची लाइन आणि पाहुण्यांचे मोबाइल यांच्या मधे बसवलेला डबा म्हणजे गेटवे. कोणाला बाहेर इंटरनेटवर जाऊ द्यायचं आणि कोणाला नाही, हे तो ठरवतो.

तुम्ही वाय-फायला जोडता तेव्हा मोबाइल एक ठरावीक छोटं पान उघडून इंटरनेट चालू आहे का ते तपासतो. गेटवे ती विनंती मधेच अडवतो आणि स्वतःचं लॉगिनचं पान पुढे करतो. याला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात. कधी हे पान उघडतच नाही. अशा वेळी मोबाइलमधलं व्हीपीएन किंवा प्रायव्हेट डीएनएस बंद करून पाहा, बहुतेकदा तिथेच अडलेलं असतं.

लॉगिननंतर गेटवे तीन कामं करतो. माणूस नोंदणीतलाच आहे का, हे तपासणं पहिलं. त्याला किती वेळ, किती स्पीड द्यायचा, हे ठरवणं दुसरं. तो कधी आला आणि कधी गेला, याची नोंद ठेवणं तिसरं. अनेक शाखा असतील तर ही तिन्ही कामं रेडियस नावाच्या पद्धतीनं एकाच सर्व्हरवरून करता येतात. एका लॉजला मात्र गेटवेमधली यादीच पुरते.

वेगळ्या खात्याचा उपयोग काय?

समजा, लॉजला १५ खोल्या आहेत. सगळ्यांचं इंटरनेट एकाच लाइनवरून जातं, त्यामुळे बाहेरच्या जगाला सहसा एकच आयपी ॲड्रेस दिसतो. एखाद्या पाहुण्यानं कोणाची ऑनलाइन फसवणूक केली, तर तक्रारीचा माग लॉजपर्यंत येऊन थांबतो. पुढे खोली कोणती, हे फक्त गेटवेची नोंदच सांगू शकते. सगळ्यांना एकच पासवर्ड दिला असेल तर तेही सांगता येत नाही.

लॉजच्या रजिस्टरमध्ये आपण नाव-पत्ता लिहितो, तसंच हे इंटरनेटचं रजिस्टर आहे.

खाती तयार करायची कशी?

मायक्रोटिक, टीपी-लिंक ओमाडा, युनिफाय अशा उपकरणांत हॉटस्पॉट किंवा व्हाउचरची सोय असते. मेनूची नावं वेगवेगळी असली तरी क्रम साधारण सारखाच असतो.

१. गेटवेचा कंपनीकडून आलेला ॲडमिन पासवर्ड आधी बदला. तो अनेकांना माहीत असतो.

२. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं करा. बिलिंगचा कॉम्प्युटर आणि सीसीटीव्ही त्यात नकोत.

३. पाहुण्यांच्या नेटवर्कवर लॉगिनचं पान सुरू करा. वाय-फायलाही पासवर्ड ठेवा. फक्त लॉगिनचं पान असलेलं उघडं वाय-फाय हवेतून जाणारी माहिती एन्क्रिप्ट करत नाही.

४. प्रोफाइल बनवा. स्पीड किती, एका खात्यावर एका वेळी किती मोबाइल, खातं कधी बंद होणार, हे त्यात ठरतं. चार जणांच्या खोलीला एकच मोबाइल चालेल असं ठेवलं, तर रात्रभर काउंटरवर तक्रारी येतील.

५. चेक-इनच्या वेळी व्हाउचर द्या आणि त्याचा नंबर रजिस्टरमध्ये पाहुण्याच्या नावासमोर लिहा. ही एक ओळ राहिली तर पुढची सगळी नोंद निरुपयोगी ठरते. ओटीपी ठेवायचा असेल तर एसएमएस सेवा जोडावी लागते. शिवाय परदेशी पाहुण्यांसाठी व्हाउचरची सोय ठेवावीच लागते.

६. चेक-आउटला खातं आपोआप बंद होऊ द्या.

७. गेटवेचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं ठेवा आणि नोंदी दुसरीकडे साठवा. वीज गेल्यावर घड्याळ चुकलं, तर नोंद भलत्याच पाहुण्याकडे बोट दाखवेल.

लाइन घेताना पाहुण्यांना वाय-फाय देणार असल्याचं इंटरनेट कंपनीला आधीच सांगा. चहाची टपरी किंवा प्रसादाच्या दुकानासाठी पीएम-वाणी ही सरकारी योजना आहे. तिला डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. त्यात दुकानदाराला परवाना लागत नाही, खाती आणि लॉगिन त्याच्यामागची एकत्रित सेवा देणारी कंपनी सांभाळते.

मोबाइलच्या मॅक ॲड्रेसवरून माणूस ओळखता येत नाही का?

पूर्वी काही गेटवे यावरच चालायचे. पण आता ॲण्ड्रॉइड आणि आयफोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनवलेला मॅक ॲड्रेस दाखवतात. तुमचा माग काढता येऊ नये म्हणून ही सोय आहे. त्यामुळे ओळखीसाठी खातंच हवं.

मग मालकाला आपले मेसेज दिसतात का?

नाही. व्हॉट्सॲपचे मेसेज किंवा बँकेच्या ॲपमधली माहिती एन्क्रिप्ट केलेली असते. कोणत्या वेळी कोणतं खातं चालू होतं आणि बऱ्याचदा कोणत्या साइटशी जोडलं गेलं, एवढं गेटवेला कळू शकतं. तुमचा नंबर लॉगिनसाठी घेतला असेल, तर तो जाहिरातींसाठी वापरणं योग्य नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा आधारच हा आहे की माहिती ज्या कारणासाठी घेतली, त्यासाठीच वापरावी.

पाहुणे म्हणून काय लक्षात ठेवायचं?

वाय-फायचं नाव काउंटरवर विचारूनच जोडा, कारण त्याच नावाचं खोटं नेटवर्क कोणीही सुरू करू शकतो. लॉगिनच्या पानावर मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणं ठीक आहे. पण त्यावर ई-मेलचा पासवर्ड, यूपीआय पिन किंवा कार्डाचा नंबर मागितला, तर लगेच बाहेर पडा. तुमचं व्हाउचर शेजारच्या खोलीला देऊ नका, कारण त्यावरून जे काही होईल त्याची नोंद तुमच्या नावावर पडेल.