गुणपत्रिका आणि सेवाभाव : वेल्लोरच्या प्रवेशाचा इतिहास

जून महिना उजाडला की आपल्या समाजातील अनेक घरांत वैद्यकीय प्रवेशाची चर्चा सुरू होते. गुण किती पडले आणि जागा कुठे मिळेल, या दोन प्रश्नांच्या गडबडीत डॉक्टर कोणी व्हावे, हा मूळ प्रश्न मागे पडतो. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचा इतिहास याच प्रश्नाभोवती घडला आहे, म्हणून तो आम्ही येथे मांडत आहोत.

डॉ. आयडा स्कडर या अमेरिकन मिशनरी स्त्रीने १९१८ साली वेल्लोरला केवळ मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. परपुरुषाकडून तपासून घेणे रूढीला मान्य नसल्यामुळे कित्येक स्त्रिया बाळंतपणात उपचारांविना दगावत. त्यांच्यासाठी स्त्री-डॉक्टर हव्या होत्या. तीन अर्ज आले तरी नशीब समजा, असे शंकेखोरांचे भाकीत होते. पहिल्याच वर्षी १५१ अर्ज आले! पुढे १९४२ मध्ये शाळेचे पदवी महाविद्यालय झाले आणि १९४७ पासून मुलांनाही प्रवेश मिळू लागला.

या संस्थेने निवडीची स्वतःची रीत घडवली. लेखी परीक्षेतून निवडलेल्या उमेदवारांना वेल्लोरला बोलावून त्यांच्या मुलाखती घेतल्या जात. स्वभाव, सहकार्याची वृत्ती आणि सेवेची तयारी पारखली जाई. चर्चने पुरस्कृत केलेल्या विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर ठरावीक काळ मिशन रुग्णालयात सेवा करण्याचा करार करावा लागे. ग्रामीण भागातील अनेक रुग्णालये या डॉक्टरांच्या बळावर चालली.

दरम्यान देशात अन्यत्र पैशांच्या थैल्यांवर जागा विकल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्राला देणगीशुल्काविरुद्ध १९८७ साली कायदा करावा लागला. संपूर्ण देशासाठी एकच परीक्षा असावी, या मागणीचे मूळ अशा गैरप्रकारांत होते, हे मान्य केलेच पाहिजे. ‘नीट’ ही परीक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वेल्लोरच्याच खटल्यात रद्द ठरवली. २०१६ मध्ये तो निकाल मागे घेतला गेला. २०१७ मध्ये आपली निवडपद्धती सोडावी लागू नये म्हणून महाविद्यालयाने एमबीबीएसच्या १०० जागांपैकी केवळ एकच भरली. अखेर २९ एप्रिल २०२० रोजी न्यायालयाने निर्णय दिला : अल्पसंख्याकांच्या संस्थांनाही ‘नीट’ बंधनकारक आहे आणि त्याने त्यांच्या हक्कांवर गदा येत नाही.

निकाल आम्हांला शिरोधार्य आहे. सामायिक परीक्षेमुळे वशिला आणि थैली यांना आळा बसतो, हा लाभ लहान नाही. परंतु आडगावच्या रुग्णालयात रात्री-अपरात्री उठून जाण्याची तयारी कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदलेली नसते. ती पारखण्याचे काम आता परीक्षागृहाबाहेर, म्हणजे घरात, धर्मग्रामात आणि महाविद्यालयाच्या पाच वर्षांत, आपणां सर्वांनाच करावे लागणार आहे.