तंजावरची घरभाषा आणि इंग्रजी विद्या

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरचे राज्य मिळविले, आणि कारभारी, पंडित व शिपाई यांची अनेक मराठी कुटुंबे कावेरीकाठी स्थायिक झाली. घरात मराठी, बाजारात तमिळ आणि धर्मकृत्यांत संस्कृत असा त्यांचा परिपाठ पडला. त्यात चौथी भाषा आली ती इंग्रजी.

तिचा प्रवेश राजवाड्यातूनच झाला. तुळजाराजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतलेल्या सरफोजींचे पालकत्व श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याकडे आले, आणि त्याच्या देखरेखीखाली राजपुत्र इंग्रजीत निष्णात झाला. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. तरी याच राजाने १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा इतिहास कोरविला तो मराठीत. परकी विद्या आणि घरची वाणी यांत त्याला विरोध दिसला नाही.

कंपनीच्या अमलात इंग्रजी जाणणाऱ्यास मान व वेतन दोन्ही मिळू लागली. तंजावरच्या मराठी कुटुंबातील सुब्बाराव हे तर 'इंग्लिश सुब्बाराव' याच नावाने ओळखले जात. त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ यांचे ते शिक्षक होते. पुढे त्याच संस्थानाचे दिवाण झाले. १८२८ मध्ये कुंभकोणम येथे जन्मलेले टी. माधवराव मद्रासच्या हायस्कुलात पॉवेलसाहेबांच्या हाताखाली शिकले आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. बडोद्यास त्यांनी तरुण सयाजीराव गायकवाडांना राज्यकारभाराचे पाठ दिले. गुरू मराठी, शिष्यही मराठी. परंतु ही व्याख्याने इंग्रजीत झाली आणि 'मायनर हिंट्स' या नावाने ग्रंथरूप पावली. राज्यकारभाराच्या विद्येने तोवर इंग्रजी पेहराव चढविला होता, हेच त्यातून दिसते.

इकडे तंजावरात १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. मराठीचा दरबारी आश्रय सुटला. दफ्तरांतील मोडी कागद सरस्वती महालात राहिले. मुले तमिळ व इंग्रजी शाळांत जाऊ लागली. इंग्रजीला नोकरीचा आधार होता, तमिळला भोवतालच्या समाजाचा. मराठीला उरला तो केवळ स्वयंपाकघराचा व देवघराचा. तमिळ शब्द तिच्यात मिसळले, वळण बदलले, लिपी अनेकांच्या हातून सुटली. तरीही बोलणे टिकले.

याचे श्रेय शाळेला किंवा सरकारला देता येत नाही. ते आहे लेकरांशी मराठीतच बोलणाऱ्या आई-आजींचे. इंग्रजीतील प्रावीण्याने या समाजाची मराठी हिरावली नाही, आणि त्या प्रावीण्याने ती राखलीही नाही. इंग्रजी शिक्षकाकडून मिळविता आली. घरभाषेचा वारसा मात्र प्रत्येक पिढीला घरातच द्यावा लागला. ज्या घरात ते देणे थांबले, तेथे एकाच पिढीच्या अंतराने आजी व नातवंडे यांच्यामधील बोलणे परके झाले. महाराष्ट्राबाहेरील प्रत्येक मराठी वस्तीने तंजावरच्या इतिहासातील एवढी गोष्ट ध्यानी धरण्याजोगी आहे.