शिळे फूल आणि माळ्याचे घर

फुले घरात ताजी कशी राखावी हा प्रश्न वरवर पाहता केवळ गृहशास्त्राचा वाटतो. परंतु ज्या घराच्या परसात जास्वंद, तगर वा अनंत आहे, तेथे तो सहसा उद्भवत नाही. सकाळी खुडलेले फूल सकाळीच देवाला वाहावयाचे व दुसऱ्या दिवशी निर्माल्य म्हणून काढावयाचे, असा तेथील क्रम. फूल ‘राखावे’ लागू लागले ते परस जाऊन पुडी आली तेव्हा.

या दृष्टीने मीरा-भाईंदरचे उदाहरण लक्षणीय आहे. मिठागरे व भातखाचरे यांच्या परिसरातील ही गावे १९८५ साली एका नगरपरिषदेखाली आली. २००२ साली तिची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेलेली दिसते. सदनिकेत राहणाऱ्या या कुटुंबांचे फूल विकतचे असते. खाडीपलीकडील वसईच्या वाड्यांतील मोगरा व सोनचाफा भाईंदर ओलांडून दादरच्या फुलबाजारात जातो आणि तेथून उपनगरांत पुन्हा पसरतो. या वाटेवरील लोहमार्ग १८६४ चा आहे.

मोगऱ्याची कळी मिटलेली असतानाच खुडतात. ती सायंकाळी उमलते. तिला पाणी शोषून घेईल असा दांडा नसतो. म्हणून फुलदाणीची युक्ती येथे व्यर्थ. बाष्पीभवन मंदावणे व उष्णता टाळणे एवढेच हाती राहते, आणि केळीचे पान व ओलसर फडके नेमके तेच करतात. फडके ओलसर हवे, भिजलेले नव्हे. पाणी साचले की पाकळ्या तांबूस पडतात. निशिगंधाची गोष्ट निराळी. मूळचे मेक्सिकोचे हे झाड युरोपीयांच्या आगमनानंतर आपल्याकडे रुजले. त्याची सुटी फुले हारात जातात, तर दांड्यासह ते फुलदाणीत राहते. तेथे दांडा तिरका कापणे व पाणी रोज बदलणे अगत्याचे, कारण पाण्यातील जंतू दांड्याच्या जलवाहिन्या बुजवितात.

परंतु पूजेच्या फुलापुढे याहून अवघड प्रश्न होता. धर्मशास्त्रात शिळ्या फुलाला ‘पर्युषित’ म्हणतात व ते पूजेस वर्ज्य मानतात. तुळस व बेल यांना या दोषातून सूट आहे, हे सर्वश्रुत आहे. त्याच जोडीने येणारी दुसरी सूट मात्र फारशी चर्चिली जात नाही: माळ्याच्या घरी असलेल्या फुलाला पर्युषितत्वाचा दोष लागत नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे विधान टिकणार नाही. माळ्याच्या घरीही फूल कोमेजतेच. प्रस्तुत लेखकाच्या मते ही बाजाराला दिलेली सवलत आहे. फूल केव्हा खुडले हे विकत घेणाऱ्यास कळणे शक्य नाही, हे शास्त्रकारांनी ओळखले होते. एरवी विकतच्या फुलाने पूजा करणेच अशक्य झाले असते. नगरवासी गृहस्थाची अडचण आजची नव्हे, असे यावरून म्हणावयास प्रत्यवाय नाही.

आता भाईंदरच्या सदनिकेत आदल्या सायंकाळी आणलेली पुडी डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवतात व सकाळी देवापुढे उघडतात. नियमाचे अक्षर पाहिले तर ही सूट माळ्याच्या उंबरठ्यापाशी संपते. पुडी घरात आली की फूल गृहस्थाचे झाले. व्यवहारात मात्र पुडी सुटेपर्यंत फूल माळ्याचेच, अशी समजूत रूढ झालेली दिसते, आणि तीबद्दल कोणी शास्त्र्याला विचारावयास जात नाही.