गांडूळ व खतपरंपरा : चंद्रपूर–गडचिरोली

गांडूळ हा वलयी संघातील प्राणी होय. कुजलेला पालापाचोळा तो मातीसह गिळतो. त्याच्या विष्ठेतील नायट्रोजन, फॉस्फरस इ. पोषकद्रव्ये पिकांना सहज घेता येतात, तर त्याच्या बिळांतून हवा व पाणी जमिनीत मुरते. पूर्वी यूरोपात अनेकजण त्यास उपद्रवी समजत. चार्ल्स डार्विन यांच्या १८८१ मधील ग्रंथाने हा समज दूर होण्यास मोठी मदत झाली.

वैनगंगेच्या खोऱ्यातील चंद्रपूर व गडचिरोली (१९८२ पर्यंत एकच जिल्हा) येथील वने प्रामुख्याने पानझडी आहेत. उन्हाळ्यात चंद्रपूरचे तापमान ४५° से. च्याही वर जाते. या काळात स्थानिक गांडुळे खोल ओलाव्यात सुप्तावस्थेत राहतात व पावसाबरोबर वर येतात. तोवर जमिनीवर टिकलेला पाचोळा हेच त्यांचे अन्न. मोहफुले वेचण्यासाठी किंवा तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून लावलेल्या वणव्यात मात्र तो जळून जातो.

शेतीचा कसही या वनावरच अवलंबून होता. दक्षिणेकडील माडिया लोक पेंडा पद्धतीने झाडोरा जाळून राखेत पेरणी करीत व काही वर्षांनी ती जागा पडीक टाकीत. या विश्रांतीत जमीन सावरत असे. १८७८ च्या वन कायद्यानंतर अशा फिरत्या शेतीवरील निर्बंध वाढत गेले. धानाच्या पट्ट्यात शेणखत व तलावातील गाळ बांधीत टाकण्याची चाल होती. पाणी साचलेल्या बांधीत गांडुळांना फारसा वाव नसतो. ती मुख्यतः धुऱ्यांवर व बागाईत जमिनीत आढळतात. म्हणून गाळ व शेणखत यांना येथे विशेष महत्त्व होते. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली व तलाव शासनाकडे गेले. त्यांच्या देखभालीची जुनी गावव्यवस्था विसकटली, अनेक तलाव गाळाने भरले आणि शेताला मिळणारे हे फुकटचे खत कमी झाले.

महाराष्ट्रात गांडूळखताचा संघटित प्रसार १९८० नंतरच्या काळात झाला. सावलीतील वाफ्यात अर्धवट कुजलेले शेण व काडीकचरा घालून ओल राखल्यास सु. दीड ते दोन महिन्यांत खत तयार होते. येथील उन्हाळ्यात छप्पर व नियमित पाणी यांवाचून वाफा टिकत नाही. यासाठी बहुधा आयसेनिया फेटिडा व यूड्रिलस यूजेनी या बाहेरून आणलेल्या जाती वापरतात. त्या पृष्ठभागावरील कचऱ्यात राहतात. शेतातील माती खोलवर उकरीत नाहीत. ते काम लॅम्पिटो मॉरिटाय यासारख्या देशी जाती करतात. त्यामुळे विकतचे गांडूळखत शेताला पोषण देते, परंतु जमिनीतील गांडुळांची जागा घेऊ शकत नाही. ती टिकण्यासाठी पाचोळा, शेण व ओलावा शेतातच लागतो.

गरीब शेतकऱ्यास ही सामग्री वन, चराई व तलाव या सामाईक साधनांतून मिळते. या दृष्टीने वनहक्क अधिनियम, २००६ महत्त्वाचा ठरतो. त्याअन्वये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. वणवा रोखणे व वनाचे रक्षण करणे हे आता तेथील ग्रामसभेच्या अधिकाराचे व जबाबदारीचे काम आहे.