शिपायाची परतवाट

शिपाई फौजेंत कसा गेला हें आपल्या इतिहासकारांनीं पुष्कळ सांगितलें आहे. तो तेथून कसा परतला, हें सांगण्याची तसदी मात्र फारशी कोणी घेतलेली नाहीं. लढायांच्या तारखा बखरींत सांपडतात. परंतु चाळिशीच्या आंतबाहेर कमरेचा पट्टा सोडून गांवच्या वेशींत शिरलेल्या माणसानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय केलें, याची नोंद क्वचितच आढळते.

जुन्या मराठशाहींत ही अडचण इतकी तीव्र नव्हती. दसऱ्याचें सीमोल्लंघन झालें कीं फौज मुलूखगिरीस निघे आणि पावसाच्या तोंडीं छावणीस येई. पायदळांतील कित्येकांचें शेत आणि भाऊबंद जवळच असत. तलवार आणि नांगर यांत एका ऋतूचें अंतर होतें. इंग्रजी अमलांत बारमाही पगारी पलटणी उभ्या राहिल्या आणि तें अंतर वीस वीस वर्षांचें झालें. शिपाई परते तेव्हां जमिनीची वांटणी होऊन गेलेली असावयाची; आणि पलटणींत जी शिस्त त्याची पुंजी होती, ती गांवच्या पारावर थट्टेचा विषय व्हावयाची.

बीड जिल्ह्यांत याचें एक ठळक स्थळ आहे. आपण ज्यास अंबाजोगाई म्हणतों तें गांव निजामी अमलांत मोमिनाबाद या नांवानें ओळखलें जाई, आणि तेथें हैदराबाद कंटिन्जंट नांवाच्या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. १८५३ च्या तहान्वयें या फौजेचा खर्च वऱ्हाडच्या वसुलांतून चाले. घोडदळांत शिलेदारी पद्धत असे : स्वारानें घोडा स्वतःचा आणावा किंवा त्याची किंमत रिसाल्याकडे भरावी, आणि सरकारनें त्यास त्या मानानें अधिक पगार द्यावा. नोकरी सुटली म्हणजे घोड्याची रक्कम त्यास परत मिळे. म्हणजे हा स्वार घरीं येई तो हातीं भांडवल घेऊन येई. पण एकरकमी पैसा आणि सल्ल्याचा अभाव यांची गांठ पडली म्हणजे तो पैसा कोणत्या उंबऱ्याकडे वळतो, हें बालाघाटावरील वाचकांस सांगावयास नको! १९०३ सालीं ही फौज हिंदी लष्करांत मिसळून टाकण्यांत आली. तिचे रिसाले डेक्कन हॉर्स वगैरे नव्या नांवांनीं दूरदूर गेले. छावणी उठली म्हणजे बाजार बसतो, एवढेंच आपण म्हणतों. परंतु तिच्याबरोबर जुना स्वार नव्या पेन्शनरास जेथें भेटे ती जागाहि उठते.

अशी जागा टिकली तर काय होतें, हें पाहावयाचें असल्यास घाट उतरून कोंकणांत दापोलीस गेलें पाहिजे. १८१८ नंतर इंग्रजांनीं तेथें लष्करी ठाणें केलें, म्हणून कित्येक वर्षें त्या गांवास लोक 'कॅम्प दापोली' म्हणत. पुढें तेथें सेवानिवृत्त शिपायांची, विशेषतः मुंबई सैन्यांतील महार पेन्शनरांची, मोठी वस्ती झाली. या माणसांनीं पलटणीच्या शाळेंत अक्षरें गिरविलेलीं होतीं आणि हुद्द्याचा मान चाखलेला होता. मूळ गांवीं परतावें तर जन्मानें चिकटविलेली जुनी कामें पुन्हां गळ्यांत पडावयाचीं. दापोलीस मात्र शेजारीं आपल्यासारखाच हवालदार, पलीकडे सुभेदार. अर्ज कसा लिहावा, मुलांस कोठें घालावें, कोणत्या साहेबास भेटावें, हें विचारण्यास ओळखीचें दार होतें.

या वस्तींतील पहिले मोठें नांव गोपाळबाबा वलंगकर यांचें. ते महाडजवळच्या रावढळचे. १८८६ सालीं लष्करांतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं स्वस्थ बसून पेन्शन खाल्ली नाहीं. १८८८ त 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेस शास्त्राचा आधार कोठें आहे असा रोखठोक प्रश्न केला, वृत्तपत्रांतून लेख लिहिले, 'अनार्य दोष परिहार मंडळी' स्थापन केली. १८९५ सालीं महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. पलटणीचा शिपाई मुलकी सभेंत सभासद म्हणून बसला. ही गोष्ट आज लहान वाटते; त्या काळीं ती तशी नव्हती.

१८९४ च्या सुमारास सुभेदार रामजी सकपाळ याच दापोलींत येऊन राहिले. लष्करी शाळेवर चौदा वर्षें मुख्याध्यापकी केलेला हा माणूस. पेन्शनवर कुटुंब चालेना तेव्हां त्यांनीं साताऱ्याकडे सरकारी बांधकाम खात्यांत नोकरी पत्करली आणि दुष्काळी कामांपैकीं एका तलावाच्या खोदाईवर रोखपाल म्हणून काम केलें. हिशेब, हजेरी, शिस्त हें सर्व पलटणींतलेंच. केवळ गणवेश उतरला होता. रात्रीं मुलांचा अभ्यास घेणें हीहि त्यांची जुनी मास्तरकीच. त्या मुलांपैकीं धाकटा भीमराव.

परंतु १८९२ सालींच सरकारनें महारांची लष्करभरती बंद केली होती. या हुकुमानें नोकऱ्या गेल्या हें उघड आहे; त्याहून खोल नुकसान असें कीं, जुन्या पेन्शनरामागून नवा पेन्शनर येण्याची सांखळी तुटली. वलंगकरांनीं भरतीसाठीं विनंतिअर्ज केला तो या दृष्टीनेंहि वाचला पाहिजे. पहिल्या महायुद्धांत, १९१७ मध्यें, १११ वी महार पलटण उभारली गेली. १९२१ त ती मोडली. त्याच १९१७ सालीं जायबंदी हिंदी शिपायांस धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरी शाळा मुंबईंत निघाली व पुढें खडकीस गेली. ती आजहि चालू आहे. महार रेजिमेंट मात्र १९४१ पर्यंत पुन्हां उभी राहिली नाहीं.

दुसरें महायुद्ध संपत आलें तेव्हां हिंदी फौज सुमारें २५ लक्षांवर गेली होती. इतक्या माणसांची परतवाट ओळखीपाळखीवर सोडणें अशक्य होतें. जुलै १९४५ मध्यें मध्यवर्ती सरकारच्या मजूर खात्याखालीं पुनर्वसन व रोजगार संचालनालय स्थापन झालें आणि त्यांतून रोजगार विनिमय केंद्रें निघालीं. त्या वेळीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूरमंत्री होते डॉ. भीमराव आंबेडकर, म्हणजे त्या रोखपाल सुभेदाराचे चिरंजीव.

बीडला हा सगळा ओघ उशिरां पोहोंचला, कारण सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाचा मुलूख होता. आज बीडला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तेथें माजी सैनिकाची नोंद होते, दाखला मिळतो. तथापि नोंद ही गांठभेट नव्हे. जून २०२२ मध्यें अग्निपथ योजना जाहीर झाली. तींत मुदत ४ वर्षांची. त्यानंतर जास्तींत जास्त २५ टक्के कायम घ्यावे, असें त्या वेळीं ठरलें. बाकीचे तरुण विशी-पंचविशींत पेन्शनशिवाय, सुमारें ११ लक्ष ७१ हजार रुपयांचा सेवानिधि घेऊन परतावयाचे. मोमिनाबादच्या स्वारास घोड्याची रक्कम मिळे, तशीच ही. आष्टी, पाटोदा, केज या तालुक्यांत तो तरुण उतरेल तेव्हां पंधरा-सतरा वर्षें नोकरी केलेले हवालदार, सुभेदार तेथें आधींच घरीं आलेले असतील. त्यांनीं एकमेकांस भेटावें, यासाठीं तालुक्याच्या गांवीं एखादी खोली आणि आठवड्याचा एक ठरलेला वार, इतकें पुरें.