‘गुलाल बाधला’ म्हणून आलेला रुग्ण : लहानपणीचे आजार मोठेपणी झाले तर

चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा होऊन दोन आठवडे उलटले होते. सत्तावीस वर्षांचा एक तरुण आईला घेऊन दवाखान्यात आला. “डॉक्टर, गुलाल बाधला बघा,” म्हणाला. यात्रेत गावाच्या सासनकाठीबरोबर तो दिवसभर नाचला होता. आता अंगात ताप, अंग मोडून आलेले आणि छातीपाठीवर पुरळ.

सदरा काढायला सांगितला. काही ठिकाणी नुसते लाल ठिपके, काही ठिकाणी पाण्याने भरलेले फोड, तर काहींवर खपली धरू लागलेली. एकाच वेळी तिन्ही अवस्था दिसल्या की निदानाला फार वेळ लागत नाही. गुलालाची ॲलर्जी असती तर ती एक-दोन दिवसांत उठली असती. दोन आठवड्यांनी, तापासह उठलेले हे पुरळ कांजिण्यांचे होते.

“याला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?” मी आईला विचारले.

“न्हाई डॉक्टर. आमची वाडी डोंगरात, दहा-बारा घरांची. ह्याला कायबी निघालं न्हाई,” त्या कौतुकाने म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी त्याला धाप लागली. फुप्फुसात कांजिण्यांचा न्यूमोनिया झाला होता. विडीची सवय होती, त्याने भर घातली. रुग्णालयात ऑक्सिजन लावावा लागला. तो दहा दिवसांनी घरी आला, बरा झाला. पण त्या दहा दिवसांत घरच्यांचा आणखी एक घोर होता. त्याची बायको चार महिन्यांची गरोदर होती. तिच्याकडे मी पुढे येतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. दोष यात्रेचा नाही. आपल्याकडे कांजिण्यांचा हंगामच साधारण जानेवारी ते एप्रिल असतो. लग्न, एसटी, वसतिगृह, कारखाना, कुठेही लागण होऊ शकते. कांजिण्यांचा विषाणू शरीरात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत १० ते २१ दिवस जातात, म्हणून लागण कुठे झाली हे सहसा कळतही नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा होता. ज्या आजाराला आपण ‘लहान मुलांचा’ म्हणतो, तो या तरुणाला सत्तावीस वर्षे का भेटला नाही? आणि भेटला तेव्हा एवढा जड का गेला? याचे उत्तर इतिहासात आहे.

पन्हाळ्यावरचा सोळा वर्षांचा राजा

जोतिबाच्या डोंगरावरून जवळच पन्हाळा दिसतो. तिथली एक गोष्ट पाहा. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर, १७०० साली, ताराबाईंनी आपला लहान मुलगा शिवाजी याला गादीवर बसवले. पुढे पन्हाळा त्यांची राजधानी झाली. जेम्स ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यात हा शिवाजी १७१२ साली देवीच्या आजाराने वारला असे लिहिले आहे. नंतरच्या इतिहासकारांनी ही चूक दुरुस्त केली. गादीच्या भांडणात त्याला आणि ताराबाईंना कैदेत टाकले गेले होते आणि त्यानंतरही तो बरीच वर्षे जगला.

डॉक्टर म्हणून मला यात रस वाटतो तो एवढ्यासाठी की सोळा वर्षांचा राजा देवीने गेला, हे इतकी वर्षे वाचणाऱ्यांना खरे वाटले. कारण तसे घडत असे. देवीची साथ जिथे वारंवार यायची तिथे बहुतेकांना ती बालपणीच होऊन जायची. त्यात जगला तो पुन्हा त्या आजाराला घाबरत नसे. जो सुटायचा त्याला पुढे कधीही गाठायची, मग तो राजा का असेना. फ्रान्सचा पंधरावा लुई १७७४ साली देवीने गेला, तेव्हा तो ६४ वर्षांचा होता.

आपल्या वैद्यांना हे पुरळाचे आजार जुन्या काळापासून ठाऊक होते. ‘माधवनिदान’ या ग्रंथात मसूरिका आणि रोमान्तिका यांची वर्णने आहेत. मसूरिका म्हणजे मसुराएवढे फोड, ती देवी समजली जाते, आणि रोमान्तिका म्हणजे गोवर. पण ‘हा एकदा होतो, पुन्हा होत नाही’ हे जाणणे वेगळे, आणि ‘मग ज्याला झालाच नाही त्याचे काय?’ हे विचारणे वेगळे.

मुंबईची तीन वर्षांची मुलगी

हिंदुस्थानात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी. ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हा शीतपेटी नव्हती. एकाच्या दंडावर फोड आला की त्यातला द्रव दुसऱ्याच्या दंडावर, तिथून तिसऱ्याच्या, अशी ती लस माणसांच्या साखळीतून बगदाद, बसरामार्गे मुंबईला पोचली. ॲनाच्या दंडावरून ती पुढे इतरांना टोचली गेली.

या साखळीसाठी लहान मुलेच का लागत? कारण लस धरायला देवी न झालेले शरीर हवे, आणि तसे मोठे माणूस गावात सहज सापडत नसे. देवी लहान मुलांना शोधून काढत नव्हती. मोठ्यांना ती आधीच होऊन गेली होती, एवढेच.

‘लहानपणीचे आजार’ या शब्दाचा खरा अर्थ हाच. हे आजार वयाला धरून येत नाहीत, पहिल्या भेटीला धरून येतात. दाट वस्तीत ती भेट लवकर होते, म्हणून आपल्याला ते बालपणाचे वाटतात.

पासष्ट वर्षे गोवर न पाहिलेली बेटे

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा मिळाला तो युरोपच्या उत्तरेला, समुद्रातल्या फेरो बेटांवर. तिथे १७८१ साली गोवर येऊन गेला होता. त्यानंतर ६५ वर्षे एकही रुग्ण नाही. १८४६ च्या मार्चमध्ये कोपनहेगनहून एक सुतार तिथे आला. प्रवासाआधीच त्याला लागण झाली होती. पुढच्या सहाएक महिन्यांत बेटांवरच्या ७,७८२ लोकांपैकी सुमारे ६,००० लोकांना गोवर झाला. मूल, तरुण, म्हातारा असा भेद उरला नाही.

डेन्मार्क सरकारने पीटर पानुम या पंचवीस वर्षांच्या डॉक्टरला तिथे पाठवले. गावोगाव फिरून त्याने प्रत्येकाला विचारले, कोण कधी भेटले, पुरळ कधी उठले. त्याला दोन गोष्टी सापडल्या. लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत तेरा-चौदा दिवस जातात. आणि १७८१ मध्ये ज्यांना लहानपणी गोवर झाला होता, त्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. ६५ वर्षांनीही त्यांचे शरीर ती पहिली भेट विसरले नव्हते.

गोवर एखाद्या ठिकाणी सतत टिकून राहायला साधारण अडीच ते पाच लाख वस्ती लागते, असा नंतरच्या शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. तेवढ्या वस्तीत रोज नवी मुले जन्मतात आणि आजाराला खाद्य मिळत राहते. लहान गावात तो येतो, सापडतील तेवढ्यांना गाठतो आणि विझतो. बाहेरून पुन्हा कोणी आणेपर्यंत गाव मोकळे. दहा-बारा घरांची डोंगरातली वाडी म्हणजे एक लहानसे बेटच. माझा रुग्ण त्या बेटावर वाढला होता.

अमेरिकेच्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात हेच दिसले. खेड्यांतून भरती झालेले धडधाकट जवान छावणीत आले आणि गोवराने आजारी पडू लागले. शहरातल्या जवानांना तो कमी व्हायचा, कारण त्यांचा तो बालपणीच होऊन गेला होता.

सिडनीतला नेत्रतज्ज्ञ

आता त्या गरोदर बायकोसारख्या स्त्रियांची गोष्ट. रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, हा मुलांमध्ये इतका सौम्य की कधी कळतही नाही. १९४० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात त्याची मोठी साथ आली. महायुद्धासाठी तरुण सैनिक छावण्यांत एकत्र आले होते. त्यानंतर सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळे येऊ लागली. त्यांनी आयांची कहाणी लक्ष देऊन ऐकली. १९४१ साली त्यांनी अशा ७८ बाळांची नोंद मांडली. त्यांपैकी ६८ जणींना गरोदरपणात रुबेला झाला होता. बऱ्याच बाळांच्या हृदयातही दोष होता. आईला जेमतेम दोन दिवस पुरळ आले होते, आणि बाळाला जन्मभराचे अपंगत्व.

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाला इजा होण्याची शक्यता फार मोठी असते. आजार तोच, वय आणि वेळ बदलली की त्याची किंमत बदलते.

मोठेपणी नेमके काय होते?

*कांजिण्या* : ताप जास्त, फोड जास्त, न्यूमोनियाचा धोका मुलांपेक्षा कित्येक पटींनी अधिक. विडी-सिगारेट ओढणारे, गरोदर स्त्रिया आणि स्टिरॉइडची औषधे घेणारे यांना विशेष.

*गालगुंड* : वयात आल्यानंतर झाले तर साधारण दर चार-पाच पुरुषांपैकी एकाला अंडकोषाला सूज येते. ती फार दुखते. वंध्यत्व मात्र क्वचितच येते, त्यामुळे घाबरून जाऊ नका.

*गोवर* : अगदी लहान बाळे आणि वीस वर्षांवरची माणसे, दोन्ही टोकांना न्यूमोनिया आणि मेंदूला सूज येण्याचा धोका अधिक.

आज आपण कुठे आहोत?

माझ्या दंडावर देवी टोचल्याचा वण आहे. माझ्या मुलांच्या दंडावर नाही, कारण देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि आजारच संपला. गोवराची लस १९८५ पासून सरकारी कार्यक्रमात आहे. गोवर-रुबेला लसीची मोहीम महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली, ती नऊ महिने ते पंधरा वर्षे वयोगटासाठी. म्हणजे त्या वेळी पंधरा वर्षे ओलांडलेल्या मुली त्यातून राहिल्या. त्या आज लग्नाच्या, बाळंतपणाच्या वयात आहेत. कांजिण्या आणि गालगुंडाची लस सरकारी कार्यक्रमात नाही, खासगीत मिळते.

लसीकरण अर्धवट राहिले तर आणखी एक गंमत होते, आणि ती वाईट आहे. काही मुलांना लस मिळाली की आजाराचा फेरा मंदावतो. लस न मिळालेली मुले त्यामुळे लहानपणी वाचतात आणि तशीच मोठी होतात. ग्रीसमध्ये रुबेलाचे असेच झाले. लसीकरण बरीच वर्षे अपुरे राहिले, तरुण वयातल्या असुरक्षित स्त्रियांची संख्या वाढत गेली, आणि १९९३ च्या साथीनंतर जन्मदोष असलेली बाळे जन्मली. आपल्याकडेही करोनाच्या काळात मुलांच्या लसी चुकल्या, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागापासून गोवराने डोके वर काढले. चुकलेला डोस म्हणजे आजार टळला असे नव्हे, तो पुढच्या तारखेला ढकलला.

तुम्ही काय करावे?

१. आईला, आजीला विचारा : मला लहानपणी काय काय निघाले होते? कोणत्या लसी दिल्या? उत्तर लिहून ठेवा. खात्री नसेल तर रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करता येते.

२. कांजिण्या झाल्या नसतील आणि लसही नसेल, तर मोठेपणीही ती घेता येते. चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क आला असेल तर तीन ते पाच दिवसांच्या आत घेतल्यासही उपयोग होतो.

३. लग्न ठरलेल्या मुलींनी रुबेलाच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोलावे. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी गरोदरपणात देत नाहीत. लसीनंतर निदान एक महिना दिवस जाऊ देऊ नयेत.

४. मोठ्या माणसाला अंगावर पाण्याचे फोड आले तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. विषाणूविरोधी औषध पहिल्या २४ तासांत सुरू केले तर सर्वांत चांगले लागू पडते. कडुलिंबाचा पाला अंथरुणावर जरूर ठेवा, पण त्यासाठी औषध थांबवू नका. ॲस्पिरिन देऊ नका. धाप लागली, ग्लानी आली तर थेट रुग्णालय गाठा.

५. सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच राहा. गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या बाळांपासून लांब राहा. गरोदर स्त्रीचा संपर्क आलाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

आता त्या तरुणाच्या बायकोबद्दल. तिला काही आठवत नव्हते, आईवडील हयात नव्हते. रक्त तपासायला पाठवले. अहवाल येईपर्यंत ते घर गप्प होते. अहवालात कांजिण्यांची प्रतिपिंडे भरपूर निघाली. ती कोल्हापुरातल्या एका गजबजलेल्या गल्लीत, चुलतभावंडांच्या घोळक्यात वाढली होती. कधीतरी चार फोड येऊन गेले असतील, कोणाच्या लक्षातही राहिले नसतील. पण तिच्या शरीराच्या लक्षात होते. बाळ सुखरूप जन्मले.

सासूबाई नातवाला पहिल्यांदा दाखवायला आल्या तेव्हा त्यांनी स्वतःहून विचारले, “डॉक्टर, ह्याला कांजण्याची लस कधी टोचायची?” “वर्षाचा झाला की घेऊन या,” मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडून तारीख कागदावर लिहून घेतली आणि घडी करून बटव्यात ठेवली.