पुस्तिका म्हणजे सॉफ्टवेअर का?

रत्नागिरी जिल्ह्याचं १८८० सालचं इंग्रजी गॅझेटियर आज कुणीही छापावं, मराठीत आणावं, वाटावं. हक्क केव्हाच संपलेत. पण हक्क शाबूत असलेल्या पुस्तकाचं काय? लेखक स्वतः म्हणतो "घ्या, वाटा", तरी ते खरंच आपलं होतं का? यावरून संगणकाच्या जगात मोठा वाद झाला होता. तो आपल्या भाषेलाही लागू आहे, म्हणून सांगतो.

डेबियन ही स्वयंसेवकांनी बांधलेली संगणकप्रणाली, १९९३ ची. १९९७ मध्ये त्यांनी जाहीर करार केला, आमची प्रणाली पूर्ण मुक्त राहील. मुक्त म्हणजे नुसतं फुकट नव्हे. वापरा, वाटा आणि बदलासुद्धा.

२००० साली रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने माहितीपुस्तिकांसाठी वेगळा परवाना आणला, जीएफडीएल. त्यात एक मेख होती. लेखक काही भाग 'अपरिवर्तनीय' ठरवू शकतो. ते बदलायचे नाहीत, काढायचेही नाहीत. इमॅक्स या प्रोग्रामच्या पुस्तिकेत स्टॉलमन यांचा जाहीरनामा असाच कायमचा बसवलेला. त्यांचं म्हणणं, प्रोग्राम हे अवजार, पण जाहीरनामा हे माणसाचं मत. दुसऱ्याचं मत बदलायचा हक्क कशाला? मुद्दा अगदीच खोटा नाही.

पण प्रोग्राम बदलला की पुस्तिकाही बदलावी लागते. एप्रिल २००४ मध्ये डेबियनने मतदान घेऊन करारातली भाषाच सुधारली. प्रोग्राम असो, फॉन्ट असो की पुस्तिका, सगळ्यांना एकच नियम. त्यामुळे नवी आवृत्ती रखडायची वेळ आली, म्हणून अंमलबजावणी पुढे ढकलली. आवृत्ती जून २००५ मध्ये आली. मार्च २००६ च्या मतदानात निकाल लागला. अपरिवर्तनीय भाग नसतील तर पुस्तिका मुक्त, असतील तर नाही. गंमत बघा, ज्यांनी जगाला 'मुक्त' शब्द शिकवला, त्यांचीच इमॅक्सची पुस्तिका 'अमुक्त' विभागात गेली!

आता आपल्याकडे या. भाषांतर म्हणजे बदलच की. त्या परवान्यात अपरिवर्तनीय भागाचं मराठी भाषांतर जोडता येतं, पण मूळ इंग्रजी भाग खास परवानगीशिवाय काढता येत नाही. म्हणजे मराठी पुस्तिकेच्या पोटात इंग्रजी प्रकरण कायमचं!

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला तोही याच परवान्याखाली. अपरिवर्तनीय भागांची अडचण तिथे नव्हती, पण एखादा लेख छापून वाटायचा तर अख्खा इंग्रजी परवाना सोबत जोडायचा. दोन पानांच्या लेखाला परवान्याचीच पानं जास्त! जून २००९ मध्ये विकिपीडिया क्रिएटिव्ह कॉमन्सकडे वळला. नाव द्या, दुवा द्या, झालं. २०१३ मध्ये शेजारी गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे चारही खंड तसेच खुले केले.

आपल्या गावांचे इतिहास, देवस्थानांच्या स्मरणिका, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक कपाटात पडून आहेत. पुढच्या पिढीने त्यातली चूक सुधारायची की नाही, हे परवान्याच्या एका ओळीवर ठरतं. तुमच्या गावच्या पुस्तकात ती ओळ काय आहे? पहिलं पान उघडा आणि कमेंटमध्ये सांगा.